मंदाताईंच्या पंचाहत्तरीला प्लॅस्टिकचं गवत

मंदाताईंनी मांडलेल्या घराघरांतल्या सगळ्या मंडळींना वसंत परबाचा मनापासून नमस्कार.

आधी तब्येती विचारतो, मग पुढचं. आमच्याच इमारतीतल्या तळमजल्याच्या दळवीवहिनी, गुडघ्याची सूज उतरली का? तिळाचं तेल चोळताय ना, की नुसतं बाटली बघून बरं वाटतंय? बोरिवलीचे पाटकर सर, मोतीबिंदू काढलात असं कानावर आलं. आता तरी वर्तमानपत्र नाकाला चिकटवून वाचू नका. सरांच्या मंडळी, तुमची साखर ताब्यात आहे ना? सणासुदीला तुम्हीच तिला सूट देता, हे मला ठाऊक आहे. अंधेरीच्या कोळीवाड्यातल्या आमच्या हिराबाई, खांदा भरून येतो म्हणत होतात, तर टोपली आता सुनेला उचलू दे. घाटकोपर, वाकोला, सांताक्रूझ, कांजूर, जिथे जिथे ताईंचा हात लागलेलं घर आहे, तिथली माणसं धडधाकट आहेत असं धरून चालतो. माझं विचाराल, तर माझा रक्तदाब वाढलाय. का वाढलाय तेच सांगायला हा लेख लिहितोय.

स्मरणिका समितीनं मला सांगितलं, “परबकाका, ताईंची पंचाहत्तरी आहे, दोनचार पानं गोड लिहा.” गोड लिहायला माझं काही अडत नाही. ताईंविषयी कडू लिहावं असं एक अक्षरही माझ्याजवळ नाही. पण ज्या अंगणात हा सत्कार व्हायचाय, त्या मुलुंडच्या आमच्या सोसायटीच्या मागच्या अंगणातली बाग ताईंनी स्वतःच्या हातांनी उभी केली आहे. ती उपटून तिथे प्लॅस्टिकचं गवत अंथरायचं घाटतंय, आणि तेही म्हणे ताईंना अमृतमहोत्सवाची भेट म्हणून! झाड तोडायचं, त्याच्याच फुलांचा गुच्छ बांधायचा आणि ज्यानं झाड लावलं त्याच्याच हातात द्यायचा. याला मी सत्कार म्हणू? ही स्मरणिका निमंत्रणासोबत आधीच तुमच्या घरी पोचणार आहे, म्हणून इथेच बोलतो. नंतर बोलून उपयोग नाही.

तर ओळख कशी झाली ते आधी.

कांजूरमार्गला माझं पडदे आणि गाद्यागिरद्या शिवायचं दुकान होतं. शाळा मी अर्ध्यात सोडलेली. शिवणकाम बघून बघून आणि चुकून चुकून शिकलो. एके दिवशी ताई दुकानात आल्या. खांद्याला झोळी, पायात साध्या चपला. म्हणाल्या, “एक पडदा हवाय. खिडकीच्या फक्त खालच्या अर्ध्या भागाला.”

मी म्हटलं, “बाई, अर्धा पडदा म्हणजे अर्धी विजार. लोक हसतील.”

त्या म्हणाल्या, “त्या घरात एक आजोबा खाटेवर पडून असतात. त्यांना आभाळ दिसायला हवं. आणि समोरच्या गॅलरीतल्या लोकांना आजोबा दिसायला नकोत. आता तुम्ही सांगा, पडदा केवढा शिवायचा?”

मी टेप उचलली. तोवर मी पडदा म्हणजे कापड, झालर आणि कड्या एवढंच समजत होतो. पडद्याच्या आत माणूस असतो हे मला ताईंनी शिकवलं. त्या दिवसापासून त्यांची घरं आणि माझी शिलाई असा आमचा संसार चालला.

ताईंचं बालपण वाकोल्याच्या एका खोलीत गेलं. आईवडील मराठवाड्यातून पोटासाठी मुंबईला आलेले. ताई संध्याकाळच्या वर्गात नकाशे काढायला शिकल्या, एका वास्तुविशारदाच्या कचेरीत पुष्कळ वर्षं नकाशे रेखले, आणि मग नोकरी सोडून लहान लहान घरं मांडायला लागल्या. मोठी घरं त्यांना मिळाली नाहीत असं नाही. “मोठ्या घरात चूक लपते, लहान घरात ती रोज पायाला लागते,” असं त्या म्हणतात. त्यांना ही पायाला लागणारीच कामं आवडली.

त्यांची कामाची पद्धत जगावेगळी. बोरिवलीला पाटकर सरांकडे गेलो तेव्हाची गोष्ट. ताई येणार म्हणून सरांच्या मंडळींनी दोन दिवस घर आवरलेलं. रद्दी पलंगाखाली, औषधं कपाटात, सोफ्यावर नवीन चादर, आणि चहा न वापरलेल्या कपांतून. आपल्या लोकांची ही जन्मजात खोड, डॉक्टरकडे जातानासुद्धा आधी आजार झाकून जातील. ताईंनी चहा घेतला, इकडेतिकडे पाहिलं आणि म्हणाल्या, “पसारा कुठे गेला?”

वहिनी लाजल्या. “अहो, आज जरा आवरलंय.”

“तो परत आणा. मी पसारा बघायलाच आलेय. मला घर दाखवू नका, घर चालवा.”

आणि दिवसभर बसून राहिल्या. टेप नाही, कागद नाही. सर हळूहळू विसरले की पाहुणी आहे. दुपारी ते स्वयंपाकघराच्या दाराशी भिंतीला टेकून खाली बसले आणि गवार मोडायला लागले. वहिनी ओट्याशी, सर दाराशी, दोघांच्या गप्पा चालू. आधीच्या एका सजावटवाल्यानं सरांना खिडकीजवळ केवढं तरी टेबल करून दिलेलं. त्यावर इस्त्रीचे कपडे! ताईंनी ते टेबल काढायला लावलं आणि दाराशी भिंतीत एक बैठक करून दिली, खाली खण, पाठीला मी शिवलेली गिरदी. सर, आजही तुम्ही तिथेच बसता की नाही? पसारा जिथे जाऊन पडतो तिथेच त्याची जागा असते, ही ताईंची विद्या. आणि आताचे लोक मोबाईलवर कुठल्या तरी परक्या देशातल्या दिवाणखान्याचं चित्र दाखवतात आणि म्हणतात, “सेम टू सेम पाहिजे.” अरे, त्या चित्रात माणूस तरी आहे का? चप्पल आहे? कुकर आहे? दुरून डोंगर साजरे म्हणतात ते उगाच नाही.

हिराबाईंच्या सुनेनंही असंच चित्र आणलं होतं. पांढरा सोफा, उघडं स्वयंपाकघर. हिराबाईंनी ते चित्र हातात धरलं आणि म्हणाल्या, “गो बाय, पांढरा सोफा? नातवंडं बोंबलाचे हात पुसतील ना त्याला! आणि माशांचा वास लपवायचा कशाला? त्याच वासावर हे घर उभं राहिलंय.” ताई इतक्या हसल्या की डोळ्यांत पाणी. मग त्यांनी हिराबाईंना मागच्या दारी उभ्यानं मासे साफ करता येतील असा दगडी ओटा करून दिला, पाणी थेट जाईल असा उतार देऊन. वाकून वाकून गेलेली कंबर थोडी तरी वाचली. याला मी घर सजवणं म्हणतो. भिंतीला सोनेरी कागद डकवणं म्हणजे सजवणं नव्हे.

माझ्या घरचंही सांगतो. माझी मंडळी अंथरुणाला खिळली तेव्हा मी तिचा पलंग हवेशीर म्हणून खिडकीशी लावला होता. ताई भेटायला आल्या, थोडा वेळ तिच्याशी बोलल्या, आणि पदर खोचून म्हणाल्या, “परब, धरा तिकडून.” पलंग फिरवला. तिला स्वयंपाकघर दिसायला लागलं. दुसऱ्या दिवसापासून आतून आवाज, “मीठ आत्ता नको! आधी डाळ शिजू दे! किती तो मसाला!” मला वैताग, पण तिच्या चेहऱ्यावर पुन्हा घरधनीण आली. शेवटपर्यंत ती घर चालवत होती, झोपून. त्या कामाचं ताईंनी कुठे नाव काढलं नाही. मी आज काढतो.

ताई मृदू आहेत असा कुणाचा समज असेल तर तोही दूर करतो. भांडुपकडे एका नव्या टॉवरचं नमुन्याचं घर बघायला एक नवं जोडपं आम्हांला घेऊन गेलं. काय ते घर! दिवे, आरसे, पलंगावर उशांचा डोंगर. पण उशांचं माप मी डोळ्यांनी घेतो. मला पलंग आखूड वाटला. मी ताईंच्या कानात सांगितलं. ताईंनी चप्पल काढली आणि सगळ्यांदेखत त्या पलंगावर सरळ आडव्या झाल्या. घोट्यापासून पाय बाहेर!

विक्रेता धावत आला, “मॅडम, मॅडम, ये डिस्प्ले है, सोना अलाउड नहीं.”

ताई पडल्या पडल्या म्हणाल्या, “फिर घर में सोने का किधर?”

अंथरूण पाहून पाय पसरावे असं आपण ऐकत आलो. खोली मोठी दिसावी म्हणून अंथरूणच कापणारे लोक असतात, हे मी तेव्हा पाहिलं. जोडपं हसत हसत बाहेर पडलं, आणि त्यांचं घर पुढे ताईंनी दुसरीकडे मांडलं.

आता बागेकडे येतो, आणि माझा आवाज चढला तर सांभाळून घ्या.

आमच्या इमारतीच्या मागे पूर्वी राडारोडा, फुटके कमोड आणि डबकं होतं. ताई इथे राहायला आल्या आणि त्यांनी ते साफ करवून घेतलं. मग लगेच झाडं लावली नाहीत. नुसत्या हलक्या खुर्च्या टाकल्या आणि गॅलरीतून बघत बसल्या. कोण खुर्ची कुठे ओढतो, म्हाताऱ्या सकाळी कुठलं ऊन धरतात, पोरं कुठून आडवी पळतात. खुर्च्या जिथे जाऊन थांबल्या, तिथे त्यांनी कट्टे बांधले. बसल्यावर उठताना हात टेकता येईल इतक्या उंचीचा कठडा केला, दळवीवहिनींच्या गुडघ्यांसाठी. वरच्या गॅलऱ्यांचं पाणी जिथे गळतं तिथे अळू. पानं हवीत म्हणून केळी. फाटकाजवळ गवती चहा, येताजाता कुणीही दोन पाती खुडावीत म्हणून. वहिनींच्या खिडकीखाली अनंत. कढीपत्त्याला मालक नाही. ओव्याच्या पानांची भजी निम्म्या इमारतीनं खाल्लीत. ही बाग बघायची नाही, वापरायची आहे.

आणि आता म्हणे ही बाग ‘जुनाट’ झाली. अळू-केळी म्हणजे गावंढळ. फोटो चांगले येत नाहीत!

आमचा सचिव निखिल. माझ्या डोळ्यांसमोर वाढला. लिफ्ट बंद पडली तर ऑफिसला उशीर करून मेकॅनिकजवळ उभा राहतो. वाईट मुलगा नाही. वाईट असता तर भांडण सोपं गेलं असतं. एका रविवारी भर बाराच्या उन्हात त्यानं ताईंना, मला आणि कमिटीला अंगणात बोलावलं. फरशीवर हिरव्या गवताचा नमुन्याचा तुकडा अंथरलेला. हातात मोबाईल, त्यावर नव्या बागेचं चित्र. पांढरे गोटे, भिंतीवर दिव्यांची इंग्रजी अक्षरं, आणि कोपऱ्यात जमिनीवर बुद्धाचं शीर. मान नाही, खांदे नाहीत. डोक्यावरून पाणी ओघळतंय. शेजारी चपलांचा स्टँड, कारण गवतावर चप्पल चालणार नाही.

“ताई, हा झेन कॉर्नर,” निखिल आनंदानं म्हणाला. “खास तुमच्यासाठी. म्हटलं, ताई बुद्धिस्ट आहेत, त्यांना भारी वाटेल ना. सरप्राइज होतं यार, पण आता राहवलं नाही.”

ताईंनी चित्र पुष्कळ वेळ पाहिलं. “निखिल, धड कुठे आहे?”

“अं?”

“शीर इथे आहे. धड कुठे ठेवलंस?”

“ताई, डिझाइनच तसं असतं. हॉटेलात, स्पामध्ये, सगळीकडे असंच.”

“तुझ्या घरी गणपती येतात. नुसतं डोकं आणतोस? चपलांशेजारी बसवतोस?”

निखिलचा चेहरा उतरला. कमिटीतले एक गृहस्थ म्हणाले, “अहो, एवढं काय मनाला लावून घ्यायचं? शोभेची वस्तू आहे.” मला असा संताप आला! ज्यांच्यापुढे एक माणूस रोज हात जोडतो, ती दुसऱ्याची शोभेची वस्तू? मी तोंड उघडणार, तेवढ्यात ताईच बोलल्या. आवाज चढवला नाही.

“आमची वाकोल्याची खोली एवढीशी होती. पाय पसरले की भिंत लागायची. माझ्या आईनं तथागतांची मूर्ती पूर्वेच्या भिंतीला, बसलेल्या माणसाच्या डोळ्यांसमोर येईल अशी ठेवली होती. झोपताना कुणाचे पाय तिकडे होता कामा नयेत. त्यावरून अंथरुणं कशी पडणार ते ठरलं. अंथरुणांवरून चूल कुठे ते ठरलं, चुलीवरून पाण्याचा माठ. सात माणसं त्या खोलीत कधी एकमेकांच्या पायात आली नाहीत. मी घर मांडायला त्या खोलीत शिकले, निखिल. कॉलेज नंतरचं. आणि तू मला त्यांचं डोकं पोरांच्या पायाशी ठेवून देतोस.”

मग ताई म्हणाल्या, “आणि हे गवत. चप्पल काढ, उभा राहा त्याच्यावर.”

निखिल बिचारा उभा राहिला. मुंबईचं दुपारचं ऊन, त्यात ते प्लॅस्टिक! एक पाय वर, दुसरा वर. तळमजल्याच्या खिडकीतून दळवीवहिनी ओरडल्या, “काय रे निखिल, नाचतोस काय? वरात कुणाची?”

हसू आलं, पण प्रश्न तिथे संपला नाही. निखिलनं शीर रद्द केलं. ताईंची माफीही मागितली, मनापासून. पण गवताचं त्यानं सोडलं नाही. “संध्याकाळी थंड असतं, काका. आणि मी एकट्यानं ठरवलंय का? ताईंना वगळून केलेल्या ग्रुपवर फोटो टाकला होता. बघा, सगळ्यांनी अंगठे दिलेत!”

खरंच दिलेत. मी बघितले. या इमारतीत राहणाऱ्यांनो, तुम्हीच दिलेत! मी दारोदार विचारत फिरलो. एक म्हणाले, वर ‘ताईंचा अमृतमहोत्सव’ एवढंच वाचलं. दुसऱ्या म्हणाल्या, शुभेच्छा म्हणून दिला. दळवीवहिनी म्हणाल्या, “हिरवं दिसलं, मला वाटलं आपलीच बाग.” अहो, ज्या कठड्याला धरून तुम्ही रोज उठता, तो पाडायला तुम्ही अंगठा दिलात! जत्रेत पोर हरवल्यावर रडतात, इथे आपण पोराला हात करून निरोप दिला. माझा राग निखिलवर आहे त्याहून जास्त या अंगठ्यांवर आहे. ज्या बाईंनी आपल्या घरात दिवस दिवस बसून आपली बारीकसारीक सवय टिपली, त्यांच्या बागेकडे आपल्याला दोन ओळी वाचण्याइतकंही बघावंसं वाटलं नाही.

ताईंना मी विचारलं, तुम्ही काय करणार? त्या म्हणाल्या, “सत्कार मला नको असं नाही, परब. मला सत्कार आवडतो, खोटं कशाला बोलू? सगळी घरं एका जागी भेटतील. पण त्या गवतावर खुर्ची मांडलीत, तर मी वर माझ्या घरात बसेन.” आणि त्या तसंच करतील. त्यांना ओळखता तुम्ही.

कमिटीनं आता एवढं कबूल केलंय की सत्काराच्या आधीच्या रविवारी सभा घ्यायची. बाग राहावी असं सभासदांनी लेखी कळवलं तर काम थांबेल, नाहीतर अंगठे धरून पुढे जाणार. म्हणून इमारतीतल्यांनी सहीनिशी लिहा. आणि बाहेरच्यांनो, तुमचं मत मोजलं जाणार नाही, तरी लिहा. पाटकर सर, त्या बैठकीविषयी लिहा. हिराबाई, नातीकडून लिहून घ्या, पण शब्द तुमचेच असू द्या, तिला सुधारू देऊ नका. ताईंनी केलेली कुठली गोष्ट तुमच्या घरात अजून रोज हाताला लागते, एवढंच लिहा. मी ते सभेत उभा राहून वाचणार आहे. निखिललाही ऐकू दे. तो ऐकेल, मुलगा चांगला आहे.

मंदाताईंना शंभर वर्षांचं आयुष्य लाभो, नजर आणि पाय असेच शाबूत राहोत, जीभ आहे तशीच धारदार राहो. पण नुसत्या शुभेच्छेवर म्हातारं माणूस जगत नाही. त्याला सकाळी उठून जायला जागा लागते. ताई रोज उजाडताच झारी घेऊन मागच्या अंगणात उतरतात. प्लॅस्टिकच्या गवताला पाणी घालावं लागत नाही, मग त्यांनी कशासाठी उतरायचं? त्यांना दीर्घायुष्य चिंतायचं असेल, तर ते असं चिंता. कागद घ्या, पेन घ्या, सभेच्या आधी पोचेल अशा बेतानं लिहा. अंगठा नको. उत्तर पाठवा, आणि लवकर पाठवा.

तुमचा,
वसंत परब